ऑफ-रोड कॅम्पिंग ट्रेलरला पत्रा किती जाडीचा लावावा?

प्रश्न : बोलेरोमागे ओढायचा, दोघांना आत झोपता येईल असा कॅम्पिंग ट्रेलर घरीच बनवायला घेतला आहे. पेटी २.४ मीटर लांब, १.४ मीटर रुंद आणि १.१ मीटर उंच. मागे वर उघडणारं झाकण, त्याच्या आत किचन. उजनीच्या बॅकवॉटरचे काठ, नळदुर्गकडचे कच्चे रस्ते असं फिरायचं आहे. मेहुण्यांचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम आहे, ते उसाच्या ट्रॉल्या बनवतात. ते म्हणतात, सगळीकडे एक सुताचा पत्रा मारू, आयुष्यभर बघायला नको. पत्र्याचा दुकानदार म्हणतो, अठरा गेज पुष्कळ झाला. ॲल्युमिनियमही डोक्यात आहे. नक्की काय घ्यावं? आणि जाड पत्र्याने उन्हाळ्यात आत कमी तापेल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मेहुणे चुकीचं सांगत नाहीत, पण ते ट्रॉलीचं सांगताहेत. ट्रॉलीत खडी वरून ओतली जाते, फावड्याची धार तळाला घासते, फाळक्यावर आतून टनांचा रेटा येतो. तिथे एक सूत, म्हणजे ३ मिमीच्या किंचित वरचा पत्रा हवाच. तुमच्या पेटीत गाद्या, चादरी आणि दोन माणसं असणार. इथे पत्र्याने ऊन, पाऊस, धूळ आणि चाकाने उडवलेले दगड अडवायचे आहेत. भार सांगाड्याने घ्यायचा आहे.

म्हणून आमचा सल्ला असा : दोन्ही बाजू आणि मागचं झाकण १.२ मिमी सीआर (साधा गुळगुळीत लोखंडी पत्रा), समोरची भिंत आणि मडगार्ड १.६ मिमी, तळाला खालून १.२ मिमी जीपी (जस्त चढवलेला पत्रा) आणि त्यावर १२ मिमी मरीन प्लाय, छताला १.५ मिमी ॲल्युमिनियम. अठरा गेज म्हणजे १.२२ मिमी, तेव्हा बाजूंपुरता दुकानदार बरोबर आहे. मेहुण्यांचा ३ मिमी वाया जाणार नाही. तो बिजागऱ्यांच्या मागे, जेरीकॅनच्या स्टँडखाली आणि टेकूच्या पायांजवळ तुकड्यांनी लागेल.

आता हे आकडे कुठून आले ते बघू. लोखंडी पत्र्याचं वजन तोंडी काढता येतं : एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडी, ७.८५ किलो. तुमच्या पेटीचे सहाही पृष्ठभाग मिळून सुमारे १५ चौरस मीटर होतात. सगळीकडे ३ मिमी लावला तर नुसता पत्रा ३५५ किलो. वर सांगितलेल्या मिश्रणात, प्लायचे २७-२८ किलो धरूनही, १५६ च्या आसपास.

हे २०० किलो का महत्त्वाचे? आपल्याकडे एकूण ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर टी-१ वर्गात येतो, त्यापुढे ३.५ टनांपर्यंत टी-२. हे ७५० किलो भरलेल्या ट्रेलरचे, रिकाम्याचे नाहीत. चासी (लांबीचे दोन पाईप १००×५०×३, आडवे ५०×५०×३) साधारण ८० किलो. धुरा, पाटे, हब आणि स्टेपनीसह तीन चाकं १४० किलो. पेटीचा २५×२५×२ चा सांगाडा ६० किलो. हुक, पुढचं टेकूचाक, मडगार्ड, दिवे असं किरकोळ ३० किलो. झाले ३१०. त्यात १५६ मिळवले की ४६६, आणि सामानाला २८४ किलो उरतात. ३ मिमीवाल्या पेटीला ८५ उरतात. ६० लिटर पाणी आणि एक १०० एएचची लेड-ॲसिड बॅटरी ठेवली की संपलं. गादीही बोलेरोतच ठेवावी लागेल. कोणी म्हणेल, ३ मिमीला सांगाडा कशाला? सांगाडा पूर्ण काढला तरी ६० किलोच वाचतात, आणि मग दाराची चौकट, झाकण, बिजागऱ्या हे सगळं पत्र्याच्या काठावर लोंबकळतं. त्या वाटेने जाऊ नका.

बोलेरो किती ओढू शकते ते गाडीच्या पुस्तिकेत बघा आणि तो आकडा ७५० पेक्षा कमी असेल तर तोच पाळा. दुसरं म्हणजे, ट्रेलर हे कायद्याने नोंदणी लागणारं वाहन आहे. पत्रा कापण्याआधी, नुसतं रेखाचित्र हातात असतानाच एमएच-१३ च्या आरटीओत जाऊन घरी बांधलेल्या ट्रेलरच्या मंजुरीला आणि नोंदणीला काय काय लागतं ते लेखी विचारून या. बांधून झाल्यावर विचारलं आणि नाही म्हणाले, तर एवढा खटाटोप अंगणात उभा राहील.

पातळ पत्रा म्हटलं की पहिली शंका येते ती डबडबण्याची. मधोमध दाबलं की डबक करून आत जातो आणि सोडला की बाहेर येतो, त्याला कारागीर पोट येणं म्हणतात. यावर जाडी वाढवणं हा उपाय आहे, पण सगळ्यात महाग उपाय. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे १.२ वरून ३ मिमीला गेलात तर साडेपंधरा पट. वजन वाढतं अडीच पट. आता दुसरीकडून बघा : पसरलेल्या भाराखाली पत्रा किती वाकेल हे दोन आधारांमधल्या अंतराच्या चौथ्या घातावर ठरतं. ८०० मिमीवर असलेल्या उभ्या पट्ट्या ४०० मिमीवर आणल्या की वाक सोळा पट कमी. साध्या सूत्राने दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा, पण एका बाजूला ३ मिमी लावल्याने ३७ किलो वाढतात आणि २५×२५ च्या तीन जादा पट्ट्यांनी पाच किलोसुद्धा नाही. २.४ मीटरच्या बाजूला कडा सोडून पाच उभ्या पट्ट्या, ४०० मिमीच्या अंतराने, एवढं ठरवून टाका.

त्यावर आणखी एक स्वस्त युक्ती आहे. पत्रा बेंडिंगला नेलात की दोन पट्ट्यांमधल्या चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारखी अगदी हलकी घडी मारून घ्या, किंवा मशीन असेल तर आडवी, नळीसारखी उठावाची रेघ पाडून घ्या. घडी डोळ्याला जेमतेम दिसेल इतकीच. त्याने पत्र्याला एका बाजूचा कल मिळतो आणि डबडब थांबते. पेटीला लावण्याआधी अर्ध्या मीटरचा चौकोनी नमुना करून अंगठ्याने दाबून बघा. एका तासाचं काम आहे. छताला मात्र घडीऐवजी मधोमध २०-२५ मिमीचा फुगार द्या. पाणीही साचत नाही आणि पत्राही ताणलेला राहतो. छतावर तंबू टाकायचा किंवा उभं राहायचं मनात असेल तर वजन पत्र्यावर न येता आडव्या दांड्यांवरून खाली सांगाड्यात उतरलं पाहिजे. त्यासाठी छताचा पत्रा जाड करून काहीच मिळत नाही.

ऑफ-रोड ट्रेलरचा पत्रा फाटतो तेव्हा लोक म्हणतात पातळ होता. बहुतेक वेळा दोष दुसरीकडे असतो. पहिला संशयित पाटे. ट्रॉलीचे किंवा पिकअपचे पाटे हाताशी असतात म्हणून लावले जातात. ते कित्येक टनांच्या भाराचे, तुमचं वजन त्याच्या निम्मंही नाही. मग पाटे दबतच नाहीत, ट्रेलर दगडावरून उड्या मारत जातो आणि प्रत्येक उडीचा हादरा वेल्डच्या टोकाशी पोहोचतो. मोजायची रीत सोपी आहे : पेटी जॅकवर उचलून पाटे मोकळे करा, चासीपासून धुऱ्यापर्यंतचं अंतर घ्या, मग सामान भरून पुन्हा घ्या. पाटे ४० ते ५० मिमी बसले पाहिजेत. दहा-पंधरा मिमीच बसत असतील तर एकेक पाटा कमी करा.

दुसरा संशयित म्हणजे पेटी चासीला पक्की वेल्ड करून टाकणं. कच्च्या वाटेवर एक चाक खड्ड्यात, एक दगडावर असताना चासी पिळवटते, पिळवटलीच पाहिजे. पेटी मात्र डब्यासारखी ताठ असते. दोन्ही एक केलीत की पीळ दाराच्या कोपऱ्यातून बाहेर पडतो. पेटीला स्वतःची तळाची चौकट द्या आणि ती सहा किंवा आठ ठिकाणी एम-१२ बोल्टने, मध्ये १०-१२ मिमी जाड रबर घालून चासीवर बसवा. बोल्टला नायलॉक नट लावा, आणि रबर पार चेपेपर्यंत आवळू नका.

तिसरं म्हणजे दाराचे काटकोनी कोपरे. ग्राइंडरने दोन काप मारले की ते कोपऱ्यात एकमेकांना ओलांडून जातात, आणि तिथूनच चीर सुरू होते. कोपऱ्यात ५० मिमी त्रिज्येची गोलाई ठेवा. आधी होल सॉने भोक पाडून मग सरळ काप त्याला नेऊन मिळवा. बिजागरीच्या मागे आतून ६०×१२० चा ३ मिमीचा तुकडा घाला, म्हणजे दाराचे झटके पत्र्याच्या दोन भोकांवर न येता मोठ्या जागेवर पसरतील. तरीही कधी चीर दिसलीच, तर तिच्या अगदी टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग सावकाश दुरुस्त करा.

तळाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे ३ मिमीचा मोह सगळ्यात जास्त होतो. नक्षीचा चेकर्ड पत्रा तर आणखी मोहात पाडतो. तो साध्या ३ मिमीपेक्षाही जड, खाचांत धूळ बसते आणि त्याच्या कडेला सीलंट नीट धरत नाही. किचनपुढे पाय ठेवायच्या फळीला लावा हवा तर. झोपायच्या तळाला १२ मिमी प्लाय बघा : चौरस मीटरला ८ किलोच्या आसपास, आणि वाकण्याच्या बाबतीत २३.५ किलोच्या ३ मिमी पत्र्याहून ताठ. जाडी घनाने काम करते ती अशी. आयएस ७१० चा मरीन प्लायच घ्या. साधा कमर्शियल प्लाय दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतो. चारही कापलेल्या कडांना इपॉक्सी किंवा वॉर्निशचे दोन हात द्या, पाणी तिथूनच चढतं.

प्लायच्या खाली १.२ चा जीपी फक्त दगड आणि चिखल झेलायला. तो वेल्ड करू नका. जस्त जळतं, त्याचा पांढरा धूर अंगात ताप भरवतो आणि जिथे जळलं तिथेच पुढे गंज धरतो. पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट आणि रिव्हेट, बस्स. पुढचा तुकडा आणि मागचा तुकडा यांचा जोड आडव्या पाईपवरच येऊ द्या, ४० मिमी एकमेकांवर चढवून, आणि खालून बघितल्यावर पुढचा तुकडा मागच्याला झाकत असला पाहिजे, म्हणजे चिखलाचा मारा फटीत शिरत नाही. तळाच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यांत ८ मिमीची पाणी निघायची भोकं ठेवा. पाणी येणारच नाही अशा भरवशावर राहू नका.

आपल्या काळ्या मातीबद्दल एक गोष्ट. पावसात ही माती चाकाला चिकटून मडगार्डच्या आत थर करत जाते, चाक अडेपर्यंत. टायर आणि मडगार्डमध्ये किमान ७५, शक्यतो १०० मिमी जागा ठेवा, आणि मडगार्डची आतली कड दुमडून नाली करू नका. त्या नालीत माती बसली की महिनाभर ओली राहते आणि पत्रा आतून खाते. सोलापुरात एरवी गंजाचा त्रास कोकणाच्या मानाने कमीच, पण माती धरून ठेवणारी जागा ठेवली तर हवा कोरडी असून उपयोग नाही. समोरच्या भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागावर जुन्या कन्व्हेयर बेल्टचा पट्टा किंवा जाळी लावलीत तर बोलेरोच्या मागच्या चाकांनी फेकलेल्या खडीचा आवाज आणि पोचे दोन्ही वाचतात.

आता ॲल्युमिनियम. एक मिमीला २.७ किलो प्रति चौरस मीटर, म्हणजे लोखंडाच्या एक तृतीयांश. पण ताठपणाही साधारण एक तृतीयांश, म्हणून १.२ लोखंडाच्या जागी १.७ मिमी ॲल्युमिनियम लागतं. तरीही वजन निम्म्याच्या आत. वेड्या बाभळीच्या फांद्या घासून गेल्या तरी गंज नाही, हा त्याचा मोठा गुण. मग सगळंच ॲल्युमिनियमचं का नाही? बाजू आणि झाकण २ मिमी ॲल्युमिनियमचे केलेत तर २७-२८ किलो वाचतील, पण पत्र्याचा खर्च बराच वाढेल, आर्क वेल्डिंगच्या साध्या मशीनवर त्याचं काम होणार नाही आणि मेहुण्यांचा हात लोखंडावर बसलेला आहे. छत मात्र ॲल्युमिनियमचंच करा. वरचं वजन जितकं कमी, तितका ट्रेलर आडव्या उतारावर कमी डोलतो. ५०५२ एच-३२ जातीचा पत्रा मागा. कोणी ६०६१ टी-६ देत असेल तर वाकवायच्या कामाला घेऊ नका, घट्ट घडीत तो तडकतो.

दोन धातूंची गाठ पडते तिथे दोन भानगडी होतात. पहिली, ओलाव्यात ॲल्युमिनियम लोखंडाशी चिकटून राहिलं की पांढरी भुकटी होऊन झिजतं. लोखंडाच्या पट्टीला प्रायमर आणि रंग पूर्ण होऊ द्या, त्यावर ब्युटिल टेप किंवा पीयूचा थर, मगच ॲल्युमिनियम ठेवा. दुसरी भानगड तापमानाची. मे महिन्यात दुपारी छताचा पत्रा आणि डिसेंबरची पहाट यांत ५० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात २.४ मीटरचं ॲल्युमिनियम सुमारे २.८ मिमी वाढतं, खालचं लोखंड १.४. हा फरक रिव्हेटना तोडतो किंवा पत्र्याला लाटा आणतो. म्हणून मधल्या पट्टीवर ४.८ च्या रिव्हेटने पक्कं करा, दोन्ही टोकांकडे ॲल्युमिनियममधली भोकं ६ मिमीची ठेवा आणि रुंद टोपीचे रिव्हेट वापरा. मधल्या पीयूला जाडी हवी. ३ मिमी रबराचे बारीक तुकडे ठिकठिकाणी ठेवून त्यावर पत्रा टेकवा, म्हणजे सीलंट पिळून बाहेर जाणार नाही. भोक मोठं, वर टोपी आणि खाली सीलंट, त्यामुळे पाणी शिरत नाही.

उन्हाचं विचारलंत. जाड पत्र्याने आत कमी तापत नाही. लोखंड उष्णतेला वाटच देतं, १.२ असो की ३, उष्णता अडवण्याच्या कामी दोन्ही सारखेच निरुपयोगी. जाड पत्रा संध्याकाळी थोडा उशिरा निवतो, एवढाच काय तो फरक, आणि तोही तुमच्या विरोधात. वरून पांढरा रंग, आतून पट्ट्यांच्या मधल्या जागेत २५ मिमी एक्सपीएस (थर्माकोलसारखा, पण घट्ट) फोम, त्यावर ४ मिमी प्लाय. पाईपची आतली कड प्लायला थेट टेकू देऊ नका, मध्ये ३-५ मिमी फोमची पट्टी घाला. नाहीतर प्रत्येक पट्टीची गरम रेघ आतून हाताला लागते आणि थंडीत तिथेच घाम येतो. समोरासमोरच्या भिंतींत कायम उघडी राहणारी किमान दोन हवेची भोकं, प्रत्येकी १०० मिमीच्या आसपास. आणि शेगडी बाहेरच. दोघं झोपलेल्या बंद पेटीत ज्वाला नको म्हणजे नको.

वेल्डिंगचं. मेहुण्यांच्या हातात ३.१५ ची कांडी असेल; १.२ पत्र्याला तिने भोकंच पडतील. सीओटू वेल्डिंग मिळालं तर ०.८ मिमी तार. आर्कच असेल तर २.५ ची किंवा त्याहून बारीक कांडी आणि करंट कमी. पत्रा सलग वेल्ड करू नका : २५ मिमीचा टाका, मग १०० ते १५० मिमी मोकळं, आणि टाकेही एका टोकाकडून ओळीने न मारता समोरासमोर उड्या मारत. एका जागी उष्णता साचली की पत्रा आकसतो आणि मगाशी मोडलेलं पोट पुन्हा येतं, या वेळी कायमचं. खरं तर आमचं मत असं की सांगाडा वेल्ड करा आणि बाजूंचे पत्रेही पीयू-रिव्हेटनेच लावा. पत्रा सरळ राहतो आणि उद्या एखादा चेपला तर रिव्हेट ड्रिल करून बदलता येतो. कडेला १०० मिमीवर, मधल्या पट्ट्यांवर १५० वर रिव्हेट, भोक ४.९ किंवा ५. एका बाजूला शंभराच्या आसपास रिव्हेट लागतात.

रंगाच्या बाबतीत एकच गोष्ट लोक चुकवतात : नव्या जीपी पत्र्यावर साधा ऑइल पेंट थेट मारणं. जस्ताशी त्याची प्रक्रिया होऊन काही महिन्यांत रंग सालीसारखा निघतो. आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्तावर पकड घेणारा, मग पुढचं. सीआरला तेल पुसून त्याच दिवशी प्रायमर. पावसाळी हवेत सीआर एका रात्रीत तांबूस होतो.

खरेदीला जाताना गेजमध्ये बोलू नका, मिलिमीटरमध्ये बोला. गेजची कोष्टकं एकापेक्षा जास्त आहेत : सोळा गेज एका कोष्टकात १.६३ आहे, दुसऱ्यात १.५२. पत्रा मायक्रोमीटरने मोजा, पण कडेला नाही. कड कापताना दबलेली किंवा भर आलेली असते, २५ मिमी आत मोजा. त्याहून खात्रीचा म्हणजे वजनकाटा. २५००×१२५० चा १.२ मिमी पत्रा २९.४ किलो भरला पाहिजे, १.६ चा ३९, २ चा ४९. २५ किलो भरला तर हातात १ मिमी आहे, बिलावर काहीही लिहिलेलं असो. शेडवरचा रंगीत ०.५ चा पत्रा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका; तो बहुधा कडक जातीचा असतो, घट्ट घडीत त्याचं कोटिंग फाटतं.

तुमच्या मापाला २५००×१२५० चे असे लागतील : १.२ सीआर तीन (प्रत्येक बाजूला एक अखंड, एक मागच्या झाकणाला), १.६ सीआर एक (समोरची भिंत, उरलेल्यात मडगार्ड), १.२ जीपी दोन. जीपीचे जे तुकडे उरतील त्यांत पाण्याच्या टाकीची आणि बॅटरीची पेटी बसते. १.१ मीटर उंचीला वर-खाली २५ मिमीची घडी धरूनही १२५० त बाजू निघते, म्हणून उंची आता वाढवू नका. छत १.४ रुंद असल्याने १२५० च्या पत्र्यात बसत नाही. आधी १५०० रुंदीचा ॲल्युमिनियम पत्रा मिळतो का ते विचारा. छत गळतं ते जोडातूनच, तेव्हा अखंड पत्र्यासाठी दोन-चार दिवस थांबावं लागलं तरी थांबा. मिळालाच नाही तर पेटीची रुंदी १.२ मीटरवर आणायचा विचार सांगाडा कापायच्या आधी करा, दोघांची गादी दाटीने का होईना बसते. आणि तेही नको असेल तर जोड आडव्या पट्टीवर, पुढचा पत्रा मागच्यावर ४० मिमी चढवून, मध्ये सलग ब्युटिल टेप.

ट्रेलर उभा राहिला की सामानासह काट्यावर न्या; आपल्या भागात वजनकाटे जागोजाग आहेत. हुकवर येणारं वजन घरच्या माणसं मोजायच्या काट्यावर, हुकच्या उंचीइतका ठोकळा ठेवून मोजता येतं : ते एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावं, ७०० किलोला ७० च्या जवळ. खूप कमी आलं तर पाण्याची टाकी पुढे सरकवा, नाहीतर हायवेवर ट्रेलर शेपूट हलवायला लागेल. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या गवताळ रानात मात्र ट्रेलर घालायचा नाही, रिकामाही नाही.